सांडपाण्याचं विरजण

सुप्रीता राव कुठे नोकरी करते असं कोणी विचारलं, की तिच्या सासूबाई कमलाक्का "पाण्याच्या खात्यात" एवढंच सांगतात आणि लगेच समोरच्याला कॉफी विचारतात. खोटं त्यात काही नाही, पाण्याचंच खातं आहे. फक्त ते पाणी कुठून निघालेलं असतं, तेवढं त्या गिळतात. पाहुणा चिवट निघाला आणि "म्हणजे नळाचं पाणी का?" असं विचारत बसला, तर म्हणतात, "नळानंतरचं."

आता याहून नेमकं कोण सांगणार? दात घासून, अंघोळ करून, भांडी विसळून, फ्लश ओढून आपण मोकळे होतो. पुढचं बघायला कुणाला सवड आहे? इंदिरानगरच्या हॉटेलात बसून जगातल्या सगळ्या गोष्टींवर मतं देणाऱ्या माणसाला विचारून बघा, बाबा रे, तुझं सांडपाणी जातं कुठे, तर तो वेटरकडे बघेल. ते जातं नळ्यांतून उताराने, शहराच्या पूर्वेच्या टोकाला, सुप्रीताच्या प्लांटच्या दारात. तिथून पुढे नाला, नाल्यापुढे दक्षिण पिनाकिनी नदी, आणि नदीकाठी ज्यांनी आपलं काही घोडं मारलेलं नाही अशी माणसं.

राव मंडळी शहाजीराजांच्या मागोमाग इकडे बंगळूरला आली आणि इथलीच होऊन गेली. घरात अजून मराठी बोलतात, निदान त्यांची तशी समजूत आहे. "करंट बंतु का ग?" "पेपर बंतु, माझा चष्मा कुठे ठेवलास?" बंतु म्हणजे आलं. शब्द अस्सल कानडी, पण इतक्या पिढ्या एका ताटात जेवल्यावर कुठला घास कुणाचा, ते कोण बघत बसतं? सुप्रीताला विचारलं असतं तर तिने शपथेवर सांगितलं असतं की बंतु मराठीच आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे याच शब्दाने घात केला.

सुप्रीता केमिस्ट्रीची पदवीधर. वडिलांना ती बँकेत हवी होती. बँकेने घेतलं नाही, सांडपाण्याच्या सरकारी प्लांटने घेतलं. पहिल्या दिवशी ती चाळणीपाशी उभी राहिली, जिथे शहराच्या चिंध्या, पिशव्या आणि सांगू नयेत अशा वस्तू अडकतात, आणि डबा न उघडताच घरी परत आली. पुढे कितीतरी दिवस भात बघितला की तिला मळमळायचं. नोकरी सोडायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं. मग एकदा लॅबमध्ये सहज म्हणून, सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीतला एक थेंब तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बघतच राहिली. देठावर डोलणाऱ्या इवल्याशा घंटा, काहीबाही गिळत हिंडणारे किडे, नुसती पंगत बसलेली. इतकी घाण, आणि ती आवडीने खाणारं कुणीतरी आहे, याचा तिला फार आनंद झाला. तेव्हापासून ती तिथली झाली. आज ती त्या प्लांटची प्रमुख आहे, आणि आपल्यापेक्षा तिला त्या जंतूंच्या तब्येतीची जास्त काळजी असते, असं तिचा नवरा रघुनंदन चारचौघांत सांगतो.

लग्न ठरताना कमलाक्कांनी एकच प्रश्न विचारला होता, "घरी आल्यावर आधी न्हाणार ना?" न्हाणार, म्हणून सुप्रीताने कबूल केलं आणि आजतागायत पाळलं. मागच्या दाराने थेट न्हाणीघर, मग धुतलेले कपडे, मग स्वयंपाकघर. तिथेही सगळ्याला हात लावायची मुभा, एका दह्याच्या दगडी भांड्याला सोडून. ते कमलाक्कांचं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरून विरजण घेऊन आल्या, आणि आजच्या दह्यातला चमचा उद्याच्या दुधात, अशी ती माळ आजवर चालत आली. गल्लीतल्या बहुतेक घरांतलं दही मूळचं कमलाक्कांचं. त्यांचे नियम दोन. विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, आणि दिवेलागणीनंतर द्यायचं नाही, कारण तिन्हीसांजेला दिलेल्या विरजणाबरोबर घरची लक्ष्मी जाते. "तू त्या टाक्यांवरून येतेस, माझ्या भांड्याला हात नको," असं त्या अगदी शांतपणे सांगायच्या. सुप्रीताला राग यायचा. तो ती चटणी वाटताना काढायची.

गंमत अशी, की विरजण हाच शब्द नेऊन तिने प्लांट चालवला. नवा माणूस आला की त्याला टाकीच्या कठड्यापाशी न्यायची आणि सांगायची, चाळण्या, पंप ही सगळी हमाली. खरं काम विरजणाचं. टाकीत खालून हवा सोडायची. जंतू घाण खातात, वाढतात, पुढच्या टाकीत गाळ होऊन तळाशी बसतात. वरचं निवळलेलं पाणी नदीला जातं. आणि त्या गाळातला थोडा परत पहिल्या टाकीत, नव्या घाणीला विरजण म्हणून. तो जिवंत गाळ मेला तर मागे उरतो सिमेंटचा हौद. टाकी धडधाकट आहे का, ते ओळखायची खूण सोपी. धडधाकट टाकीला घाणीचा वास येतच नाही. बटाट्याचं पोतं ओतल्यावर येतो तसा मातकट वास येतो.

विरजण आलं म्हणजे मागायला येणारेही आले. महादेवपुरातल्या एका मोठ्या सोसायटीने तळघरात आपला छोटा प्लांट बसवला. यंत्रं सगळी आली, पण जंतू कुठून आणणार? सोसायटीची सेक्रेटरी उल्का, मूळची पुण्याची, आयटीतली, टँकर घेऊन सुप्रीताच्या दारात आली. वाटेत ट्रॅफिक, त्यामुळे पोचेपर्यंत तिन्हीसांज झालेली. समोर उभा नरसिंहण्णा. हा प्लांटवरचा सगळ्यात जुना माणूस, येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी बसणारा, बंगळूरच्याच जुन्या मराठा घरातला. त्याने टँकरकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "दिवे लागले की ओ. आता विरजण देत नाहीत. उद्या या."

"अहो काका, हा स्लज आहे, दही नाही," उल्का म्हणाली.

"तेच ते," नरसिंहण्णा म्हणाला.

सुप्रीताने येऊन सगळं ऐकलं. तिने सांगितलं असतं तर टँकर भरला असता. पण वडील माणसाचा शब्द कसा मोडायचा, आणि खरं सांगायचं तर कमलाक्का तिच्याही मनात ठाण मांडून बसलेल्या होत्याच. टँकर फाटकापाशी मुक्कामाला राहिला आणि सकाळी भरून गेला. "ताई, हे मी लक्षात ठेवीन हं," असं उल्का जाताना म्हणाली. ते हसून म्हणाली की चिडून, ते सुप्रीताला कळलं नाही. त्यानंतर बऱ्याच सोसायट्या येऊन विरजण घेऊन गेल्या, सगळ्या दिवसाउजेडी.

मग प्लांटवर पुरुषोत्तम आला. यंत्रं सांभाळायला नवा इंजिनियर, थेट पुण्याहून. मुलगा हुशार, पंपाच्या नुसत्या आवाजावरून आतलं काय झिजलंय ते सांगणारा. सुप्रीताला तो "मॅडम" म्हणायचा. ती म्हणायची, मला इथे सगळे अक्का म्हणतात, तूही म्हण. तो "हो मॅडम" म्हणायचा. त्याला एकच धास्ती होती, कानडीची. "कशाला घाबरतोस?" सुप्रीता म्हणाली. "तुझं सगळं काम नरसिंहण्णाशी, आणि तो मराठीच बोलतो."

इथे चुकलं.

त्या दिवशी दुपारी येणाऱ्या पाण्याला नरसिंहण्णाला थिनरसारखा वास आला. असा वास आला की समजायचं, वर कुठल्यातरी हरामखोराने मॅनहोलचं झाकण उचलून कारखान्याचा टँकर रिकामा केला. दोन पैसे वाचवायचे त्याने, आणि मरायचं दुसऱ्यांनी. कोणाचा टँकर, ते शेवटपर्यंत कळलं नाही. अशांचं कधी कळत नसतं. हे विष हवेच्या टाकीत गेलं असतं तर जंतूंचा खेळ खलास. पण सुप्रीताकडे उपाय होता. प्लांटवर एक जुनी टाकी होती, ती पाडू नका म्हणून ती वरिष्ठांशी भांडली होती, ती असल्याच दिवसासाठी. तिने हवेच्या टाकीचं गेट बंद केलं आणि येणारं पाणी त्या जुन्या टाकीकडे वळवलं. थोड्या वेळाने वास ओसरला. पण वैरी एकदा येऊन गेला म्हणून पुन्हा येणार नाही असं थोडंच असतं.

नेमका तो नदीच्या पाण्याचा नमुना आणायचा दिवस होता आणि खाली गाडी उभी होती. सुप्रीताने पुरुषोत्तमला बजावलं, "नरसिंहण्णाला फोन करून विचारत राहा. वास पुन्हा आला, तर पाणी जुन्या टाकीतच जाऊ दे. वास पूर्ण बंद झाला, असं तो म्हणाला, की मगच गेट उघड आणि पाणी आत घे."

"ओके मॅडम," पुरुषोत्तम म्हणाला. त्याला सगळं नीट कळलं होतं, म्हणूनच तर घोटाळा झाला.

नदीवर सुप्रीता नमुना घ्यायची ती यल्लव्वाच्या मळ्यापाशी. यल्लव्वा काठावर पालेभाज्या करायची आणि डोक्यावरून नेऊन बाजारात विकायची. पूर्वी नदीला साबणासारखा फेस यायचा तेव्हा तिच्या पायांना जखमा व्हायच्या, आणि तिची भाजी बायका नाकाला लावून परत टोपलीत टाकायच्या. प्लांट नीट चालायला लागल्यापासून ते थांबलं. सुप्रीता तिथे नेमकं काय करते, ते यल्लव्वाला ठाऊक नव्हतं. ही बाई पाणी उकळते, असा तिचा समज होता. त्या दिवशी तिने सुप्रीताला हाताला धरून वाफ्यापाशी नेलं. कोथिंबीर नुकती दोन पानांवर आली होती. "गौरीच्या सणाला बाजारात जाईल," ती कानडीत म्हणाली. "औंदा पहिल्यांदाच सगळा मळा तुझ्या पाण्यावर टाकलाय, बाई." सुप्रीताला बरं वाटलं. इतकं बरं, की फोन करायचं ती विसरली.

इकडे पुरुषोत्तमने नरसिंहण्णाला फोन लावला. वास पुन्हा आला होता, आधीपेक्षा जबर. शेजारी पंप धडधडत होते. नरसिंहण्णा ओरडून म्हणाला, "वासने बंतु, सार."

कानडीत याचा अर्थ, वास आला. पुरुषोत्तमला ऐकू आलं, वासने बंद. वास बंद. तरी त्याने खात्री करून घेतली, मुलगा काही निष्काळजी नव्हता. "नक्की बंद?"

"बंतु, बंतु," नरसिंहण्णा म्हणाला.

पुरुषोत्तमने बटण दाबलं. गेट उघडलेलं नरसिंहण्णाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्याला वाटलं, अक्कांनीच सांगितलं असणार, आपल्याला काय कळतंय, आणि तो गप्प बसला.

संध्याकाळी सुप्रीता परतली तेव्हा टाकीवर पांढरा फेस होता आणि वास थिनरचा. तिने थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. घंटा होत्या, पण डोलत नव्हत्या. दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. मग तिने दोघांना समोर बोलावलं.

"मी स्पष्ट सांगितलं होतं," नरसिंहण्णा म्हणाला. "मराठीत सांगितलं. वासने बंतु."

"हो, बंद म्हणाले," पुरुषोत्तम म्हणाला. "दोनदा विचारलं मी. म्हणून तर उघडलं."

सुप्रीता एकाकडे बघत राहिली, मग दुसऱ्याकडे. तिला कळलं, आणि कळल्यावर जास्तच वाईट वाटलं. शिव्या तरी कुणाला घालायच्या? तिने पुरुषोत्तमला समजावून सांगितलं. त्याचं तोंड उतरलं.

"म्हणजे बंतु मराठी नाही?" नरसिंहण्णाने विचारलं. त्याचं सगळं आयुष्य मराठी बोलण्यात गेलं होतं.

"नाही, नरसिंहण्णा," सुप्रीता म्हणाली. "मलाही आजच कळलं."

मग ती लॅबच्या मागे जाऊन रडली. रडून झाल्यावर तिने यल्लव्वाला फोन केला आणि सांगितलं, की पाणी बिघडलंय, नदीचा पंप सुरू करू नकोस.

"किती दिवस?" यल्लव्वाने विचारलं.

"सांगता येत नाही."

"कोथिंबीर दोन पानांवर आहे, बाई," यल्लव्वा म्हणाली. ती भांडली असती तर सुप्रीताला सोपं गेलं असतं. ती भांडली नाही.

शहराला काही सांगता येत नाही, की बाबांनो, चार दिवस फ्लश ओढू नका. पाणी येतच राहणार. मेलेली टाकी नुसतीच ते ढवळणार, वरून क्लोरीन मारायचं आणि अर्धवट घाण नदीला सोडायची. नवं विरजण पडून ते वाढेपर्यंत हेच. सुप्रीताने वरच्या मोठ्या प्लांटला फोन लावला. तिथेही तीच नळी, तेच विष. तेही कपाळाला हात लावून बसलेले. वरिष्ठ म्हणाले, पत्र पाठवा, दुसऱ्या भागातून व्यवस्था करू. सरकारी व्यवस्थेला किती वेळ लागतो ते सुप्रीताला चांगलं ठाऊक होतं, कारण इतकी वर्षं ती स्वतःच सरकार होती.

घरी येऊन ती न्हाली आणि मागच्या पायरीवरच बसून राहिली. जेवायला आली नाही म्हणून कमलाक्का बघायला आल्या. "काय झालं?"

"माझं विरजण मेलं, अम्मा," सुप्रीता म्हणाली.

घरात हा शब्द तिने त्या टाकीसाठी आजवर कधी वापरला नव्हता. वापरला असता तर काय ऐकावं लागलं असतं ते तिला ठाऊक होतं. पण कमलाक्कांनी भुवई वर केली नाही. त्या गुडघे धरत शेजारी बसल्या. "सगळं?"

"सगळं."

"मग कुणाकुणाला दिलंयस ते आठव."

सुप्रीताला कळेना. कमलाक्का म्हणाल्या, "आपण विरजण देतो ते काय पुण्य लागावं म्हणून? माझं एकदा नासलं होतं. रघूच्या वेळेला मी दवाखान्यात, घरात पुरुष माणसं, भांडं कुणी बघितलंच नाही. आल्यावर बघते तर किडे. मग कोपऱ्यावरच्या सरोजम्माकडे गेले आणि माझंच मला परत घेऊन आले."

"पण तुम्ही तर म्हणता की माळ कधी तुटली नाही."

"घरात तुटली. गल्लीत कुठे तुटली?" कमलाक्का म्हणाल्या आणि जेवायला उठ म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एक टाकी उपसून धुऊन घेण्यात बराच वेळ गेला. कामगार मिळेपर्यंत आणि टँकर मिळेपर्यंत ऊन उतरलं, आणि पुढे बंगळूरचा रस्ता. महादेवपुरातल्या त्या सोसायटीच्या तळघरात सुप्रीता पोचली तेव्हा बाहेर दिवे लागलेले होते. उल्का ऑफिसमधून नुकतीच आली होती, गळ्यात ऑफिसचा पट्टा तसाच. सुप्रीताने सगळी हकिगत सांगितली आणि टँकरभर गाळ मागितला. उल्का सगळं ऐकून घेऊन हाताची घडी घालून म्हणाली, "ताई, दिवे लागले. आता विरजण कसं देणार?"

सुप्रीताला क्षणभर खरंच वाटलं. तिचा चेहरा बघून उल्काला भरून आलं आणि तिने सुप्रीताचा हात धरला. "अहो, गंमत केली. मी देत नाहीये, परत करतेय. परत करायला तिन्हीसांज आडवी येत नाही."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते. आत्ताच ठरवलं," उल्का म्हणाली आणि पाइप जोडायला माणसाला हाक मारली. बाकीच्या सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांना तिनेच आपल्या ग्रुपवर कळवलं. एकाने नियम विचारले, एकाने आमचा फायदा काय असं विचारलं, बाकीच्यांनी टँकर पाठवा म्हणून सांगितलं.

विरजण पडलं, पण दही लागायला वेळ लागतोच. टाकी विषाने करडी पडली होती, ती करडीच राहिली. हवा सोडणारा ब्लोअर अखंड चालू, पाणी थोडं थोडं सोडायचं, आजाऱ्याला पेज भरवावी तसं. सुप्रीता सकाळी थेंब बघायची, दुपारी बघायची. एखादा किडा वळवळताना दिसायचा आणि परत काही नाही. यल्लव्वाचा रोज फोन यायचा. ती एकच शब्द विचारायची, "घेऊ?" आणि सुप्रीता म्हणायची, "नको." मग यल्लव्वा शेजाऱ्याच्या बोअरवरून घागरीने पाणी आणायची आणि पुरेल तेवढ्या वाफ्यांना घालायची. उरलेले वाफे पिवळे पडले. मळ्याचा पलीकडचा तुकडा गेलाच, असं तिने एकदा बोलता बोलता सांगितलं, आणि त्यापुढे सुप्रीताला दिवसभर काम सुचलं नाही.

नरसिंहण्णाने मात्र धडा घेतला होता. आता आपल्या मराठीवर त्याचा भरवसा उरला नव्हता, म्हणून पुरुषोत्तमशी तो इंग्रजीत बोलायला लागला. एकदा पुन्हा जरासा वास आला तर त्याने फोनवर सांगितलं, "स्मेल कम, सार." पुरुषोत्तम खुर्चीतून उठलाच. स्मेल कम म्हणजे इंग्रजीतलं आला, की हिंदीतलं कमी झाला? तो धावत गेटपाशी गेला आणि त्याने स्वतःच्या नाकाने वास घेतला. निघाला फिनेलचा, कुठल्यातरी शाळेने संडास धुतले होते. दोघं तिथेच पायरीवर बसून पोट धरून हसले, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मग पुरुषोत्तम चहाच्या सुट्टीत तिथेच बसायला लागला. नरसिंहण्णा त्याला कानडी शिकवायचा, आणि त्यातलं कानडी कुठलं आणि मराठी कुठलं यावर दोघांचं भांडण लागायचं. ते सोडवायला सुप्रीताला बोलवायचे आणि तिलाही सांगता यायचं नाही.

एका सकाळी ती स्वयंपाकघरात कॉफी गाळत होती तेव्हा पुरुषोत्तमचा फोन आला.

"अक्का, वासने बंतु."

तिच्या हातातला पेला ओट्यावर कलंडला. पुन्हा तेच, आता काय करायचं, आता कुणाच्या दारात जायचं? "गेट बंद कर," ती म्हणाली. "बंद, मराठीतलं बंद. थिनर आहे का?"

"गेटला नाही, अक्का. मी टाकीवर उभा आहे. नरसिंहण्णांना म्हटलं, तुम्ही सांगा, तर ते म्हणाले, तूच सांग, बघू येतं का." तो थांबला. "बटाट्यांचा येतोय. पोत्यातल्या."

सुप्रीता खालीच बसली, ओट्याला टेकून. कॉफी ओघळून तिच्या पदरावर आली तरी तिला भान नव्हतं. कमलाक्का देवघरातून डोकावल्या. "काय बंतु?" त्यांनी विचारलं. सुप्रीता फोन कानाला धरून हसत होती. तिच्याकडे बघून कमलाक्काच समजल्या. "सरी, बरं झालं," त्या म्हणाल्या, "आता जरा जप. आणि कुणी मागायला आलं तर दे." दह्याच्या भांड्याला त्या तिला अजूनही हात लावू देत नाहीत, ते सोडा.

लगेच आनंदून जायचं नसतं हे सुप्रीताला ठाऊक होतं. तिने घंटा डोलताना पाहिल्या, गाळ तळाशी बसताना पाहिला, काचेच्या नळीतून निवळलेलं पाणी पाहिलं, आणि मग स्वतः जाऊन नदीचा नमुना आणून तपासला. तो पास झाला तरी एकदा पुन्हा तपासला. तेवढ्यात रोजच्यासारखा फोन वाजला. यल्लव्वाच. आवाजात आशा नव्हती, सवय होती.

"घेऊ?"

"घे," सुप्रीता म्हणाली.

फोन कुठेतरी बांधावर ठेवल्यासारखा खडखडला. मग यल्लव्वाचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला.